वेंडेलने घातलेले पीळ

आधीच सांगून ठेवते, मला सल्ले नको आहेत. गेले चार महिने मला सगळे सल्लेच देतायत. इथल्या, मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या, आमच्या मराठी मंडळातल्या बायका देतात, ऑफिसातली माणसं देतात, नागपूरहून माझा मनोहरदादा दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करून देतो. घर विकू नकोस, घर विकून टाक, नोकरी सोडू नकोस, वर्षभर इकडे येऊन राहा. आणि यातल्या एकालाही विचारा की बाबा रे, माझ्या मुलाच्या डोक्याचं काय करू, तर सगळे गप्प.

मुलाचं नाव जय. वीस वर्षांचा आहे, इथेच कॉलेजला जातो, घरीच राहतो. त्याचा बाप वेंडेल, म्हणजे माझा नवरा, डेट्रॉइटचा ब्लॅक माणूस. गाड्यांचे ब्रेक तपासायची त्याची नोकरी. सप्टेंबरमध्ये एका सकाळी गॅरेजमध्ये छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. छप्पन्न वर्षांचा होता. त्याच्या आदल्या रविवारी त्याने जयला मागच्या डेकवर पुढ्यात बसवून डोकंभर पीळ घातले होते.

पीळ म्हणजे काय तेही सांगायला हवं, कारण आमच्यात कुणाला ठाऊक नसतं. वेणीला तीन पेड लागतात, याला दोनच. बारीकशी बट घ्यायची, तिचे दोन भाग करायचे आणि दोरी वळतात तसे एकमेकांभोवती वळत शेंड्यापर्यंत न्यायचे. अशा ब्याऐंशी दोऱ्या. जयचे केस सगळे बापावर गेलेत, चांगले कुरळे आणि दाट, त्यामुळे पीळ आपोआप धरून बसतो, रबरही लागत नाही. तीन-चार आठवड्यांनी सोडायचे, धुवायचे, पुन्हा घालायचे. जय पाच वर्षांचा असल्यापासून वेंडेलचं हे चालू होतं. आणि मी काय करायचे? मी आत चहा घेऊन बसायचे. बापलेकांचं बाहेर चाललंय, आपल्याला दोन तास सुट्टी. वर स्वतःलाच शाबासकी द्यायचे, की बघा, मी त्यांच्या मध्ये लुडबुड करत नाही.

तर ते पीळ जयने सोडलेच नाहीत. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, थँक्सगिव्हिंग झालं, ख्रिसमस झाला. विचारलं की एकच उत्तर, "डॅडने घातलेत." जय बोलतो इंग्रजीतच, ते मी इथे मराठीत सांगतेय. पण या शब्दांना भाषांतरही लागत नाही, त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असायचं. शाम्पूसुद्धा बंद. धुतले की सैल पडतात म्हणून नुसतं पाणी मारायचा.

यावर मनोहरदादाचं वेगळंच. "उल्का, आपल्यात बाप गेला की मुलगा दहाव्याला डोकं भादरून घेतो. तुझा मुलगा उलट केस राखून बसलाय. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, दादा? ट्रॉयमधले की नागपुरात आपल्या महालमधले?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?" म्हटलं आणि फोन ठेवला. पण मनात आलंच, की आमच्याकडे दुःख झालं की केस काढतात आणि हा केस धरून बसलाय. मला दोन्हींचा राग यायचा.

मग मिशिगनचा हिवाळा आला. बाहेर उणे बारा, आत घर तापवणारा फर्नेस दिवसरात्र घरघरतोय, हवा अशी कोरडी की दरवाज्याच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. वेंडेल दर ऑक्टोबरमध्ये घरात काय काय उद्योग करायचा. बेडरूममध्ये हवा ओलसर ठेवणारा ह्युमिडिफायर लावायचा. उशांचे सुती अभ्रे काढून साटीनचे घालायचा. लोकरीच्या टोप्यांना आतून साटीनचं अस्तर शिवायचा, स्वतःच्या हाताने, चष्मा नाकावर घेऊन. अंघोळ कोमट पाण्याची, आणि अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं घट्ट लोणी, चोळायचं, मानेला, कोपरांना, गुडघ्यांना, दाढीखाली, बोटांच्या पेरांना. अर्धा-अर्धा तास बाथरूम अडवून ठेवायचा. मी दारावर थापा मारायचे, "नवरी मुलगीसुद्धा एवढं नटत नाही रे!" तो आतून हसायचा. हे नखरे नव्हते, ही देखभाल होती, हे मला तेवीस वर्षांत कळलं नाही. कळलं कधी, तर डिसेंबरात जयचे हात बघितले तेव्हा. बोटांची पेरं राख फासल्यासारखी पांढरी, चिरा पडलेल्या. दाढी केली की हनुवटीखाली लाल फोड. आणि डोक्यावर बिनअस्तराची लोकरी टोपी, सकाळपासून झोपेपर्यंत. पीळ विस्कटू नयेत म्हणून म्हणे.

"अरे, अंगाला काहीतरी लाव!"

"संपलंय."

"मग आण!"

"आई, प्लीज."

म्हणून मीच गेले दुकानात. नाव सांगत नाही, मोठं दुकान आहे. नारळाचं तेल उघड्यावर. शंभर तऱ्हेचे शाम्पू उघड्यावर. आणि ब्लॅक लोकांच्या केसांचं आणि कातडीचं जे काही होतं ते सगळं काचेच्या कपाटात, कुलूप घालून, जसं काही तेवढंच चोरीला जातं. कपाटाला एक बटण. दाबलं की अख्ख्या दुकानात बाईचा आवाज घुमतो, की अमुक ठिकाणी ग्राहकाला मदत हवी आहे. मी बटण दाबलं. कुणी नाही. पुन्हा दाबलं. आवाज घुमतोय, लोक वळून माझ्याकडे बघतायत, आणि मी कोट घालून घामाघूम. बऱ्याच वेळाने एक मुलगी किल्ल्या वाजवत आली. कुलूप काढलं आणि बाजूला उभी राहून माझ्या हातांकडे बघत बसली. "कुठलं हवंय?"

आता मला कुठलं हवंय ते मला माहीत असतं तर काय हवं होतं! तीसेक डबे होते. मी म्हटलं, जरा वाचते. ती म्हणाली, कपाट उघडं ठेवता येत नाही. मी घाईघाईत दोन डबे उचलले, तर ते माझ्या हातातही देईना. काउंटरपर्यंत तीच घेऊन चालली, पुढे ती, मागे मी. वीस वर्षं या गावात राहतेय, इतका अपमान कधी झाला नव्हता. मग लख्खकन डोक्यात आलं की वेंडेल दर ऑक्टोबरला हेच करत असणार, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलला नाही. त्या क्षणी मला दुकानावर राग आला, त्या मुलीवर आला, आणि सगळ्यात जास्त वेंडेलवर आला. बोलायला काय झालं होतं?

घरी येऊन बघते तर दोनातला एक डबा लहान मुलींचे केस सरळ करायच्या क्रीमचा. जय हसला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा हसला, आणि तेही मला.

जानेवारीत त्याच्या मानेवर, केसांच्या कडेला, फोड आले. उशीवर डाग पडायला लागले. तेव्हा मात्र मी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, गोरा, सभ्य. त्याने हातमोजे घालून एक पीळ उचलला, जसा काही मेलेला उंदीरच. म्हणाला, केस एकमेकांत अडकलेत, गुंता झालाय, खालची कातडी साफ होत नाहीये. सोडवून स्वच्छ धुवा, नाहीतर कापून टाका. मलम लिहून दिलं, सात मिनिटांत मोकळा झाला.

गुंता झालाय, असं तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं देव जाणे, मला मात्र एकच शब्द ऐकू आला. जट. तुम्ही मराठी घरात मुलगी म्हणून वाढला असाल तर मी काय म्हणतेय ते कळेल. आमची आई शाळेच्या आधी तेल थापून, मानेला हिसके देत विंचरायची, आणि आम्ही ओरडलो की म्हणायची, "बस गुपचूप, जट होईल!" जट म्हणजे रोग, जट म्हणजे ज्या पोरीला कुणी विचारत नाही तिचं डोकं. आमच्या गल्लीत एक बाई होती, तिच्या डोक्यात जट होती. लोक तिला लांबून नमस्कार करायचे आणि कुणी जवळ बसायचं नाही. आणि आता माझ्या पोराच्या डोक्यात, आई जिवंत असताना, धडधाकट असताना!

गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झाले. "आज घरी गेल्यावर सोडायचे."

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाला ऐकलंस ना?"

"मी मलम लावीन."

"मलम लावून काय होणार? पू येतोय मानेतून!"

तो खिडकीबाहेर बघत बसला. तीन दिवस हेच. मी बोलायचे, तो टोपी खाली ओढायचा. चौथ्या दिवशी शनिवार. सकाळी त्याच्या खोलीत गेले तर उशीवर पुन्हा डाग, आणि हा त्याच उशीवर पालथा. माझं डोकं सटकलं. तोंडाला येईल ते बोलत सुटले, आळशी म्हटलं, घाणेरडा म्हटलं, आणि शेवटी म्हटलं, "तुझा बाप त्या केसांत बसलेला नाहीये, जय! गेलाय तो!"

असं कुणी बोलतं का लेकराला?

तो उठून बसला. मग म्हणाला, "ओके. सोड."

त्याच्या आवाजात जराही राग नव्हता, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला वाटलं, जिंकले. किचनमधून नारळाच्या तेलाची बाटली आणली. गोठून दगड झाली होती, ती गरम पाण्यात धरून पातळ केली. सोफ्यावर बसले, त्याला खाली गुडघ्यांमध्ये घेतलं, आणि डाव्या कानामागून सुरुवात केली. तेल चोपडायचं, लांब दांडीच्या फणीचं टोक घालायचं, उकलायचं. आईने शिकवलेलं दुसरं काय येत होतं मला? पहिल्याच पिळाला वीस मिनिटं लागली. तो सुटेना, आतून लोकरीसारखा घट्ट झालेला. मी ओढलं. दुसरा, तिसरा. प्रत्येक पिळातून केसांचा पुंजका बाहेर यायचा, तो मी त्याला दिसू नये म्हणून टिश्यूत गुंडाळून मांडीखाली सरकवायचे. अकरा पीळ सोडले तोवर दुपार व्हायला आली. बाराव्याला हात लावला तर त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. नुसते खांदे.

मी फणी खाली ठेवली. मांडीखालचा टिश्यू उघडला तर लिंबाएवढा केसांचा गोळा. अगं बाई, मी पोराला टकला करतेय की काय! आता मात्र मी खरंच घाबरले. वेंडेलचा फोन अजून बंद केलेला नाही मी, ड्रॉवरमध्ये चार्जिंगला असतो. त्यातून अर्लचा नंबर काढला आणि लावला.

अर्ल म्हणजे वेंडेलचा न्हावी. सत्तरी ओलांडलेला, डेट्रॉइटला दुकान. वेंडेल पोरगा होता तेव्हापासून त्याच्याकडे जायचा. दुकानासमोर गाडीत मी कितीदा बसले असेन, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. बाप्यांचं दुकान, आपलं काय काम? आणि जयने अंत्यविधीनंतर तिकडे जायचंच सोडलं होतं, कारण तिथे गेलं की जो तो येऊन मिठी मारतो. अर्ल सगळ्या बायकांना मानाने मिस म्हणतो. फोनवर एवढंच म्हणाला, "आणखी एकालाही हात लावू नका, मिस उल्का. आत्ता या."

बर्फ पडत होतं. अर्ध्या तासाच्या रस्त्याला तासभर लागला. जय शेजारी, टोपीशिवाय, डाव्या कानामागे पिंजलेल्या कापसासारखे केस, तेलाने थबथबलेले.

दुकानात चार-पाच माणसं होती. सगळे जयला बघून उठले, पण अर्लने हात वर करून त्यांना खाली बसवलं. जयला खुर्चीत बसवून अंगावर कापड टाकलं, दिवा ओढून जवळ घेतला, आणि एकेक पीळ मुळापासून शेंड्यापर्यंत बोटांत दाबून बघत राहिला. डॉक्टरला सात मिनिटं लागली होती. याने अर्धा तास घेतला.

"मानेचं हे टोपीने झालंय," तो म्हणाला. "नुसती लोकर घासतेय, घरातली हवा कोरडी, त्यात गरम पाण्याची अंघोळ करत असणार. डोकं धुतलेलं नाही, म्हणून चिघळलंय. आठ-दहा दिवसांत बरं होईल."

"आणि हा गुंता?" मी विचारलं.

"कसला गुंता?"

"हेच सगळं. ही... आमच्याकडे जट म्हणतात याला. डॉक्टर म्हणाला, सोडवा नाहीतर कापा. सोडवायला गेले तर बघा किती केस आले हातात," म्हणून मी पर्समधला तो टिश्यूच काढून दाखवला.

अर्लने तो बघितला आणि परत दिला. "हे गळलेले केस आहेत. तुमचेही रोज गळतात, तुमचे जमिनीवर पडतात. याचे चार महिने पिळातच अडकून राहिले. टक्कल वगैरे काही नाही." मग त्याने एक पीळ माझ्या हातात दिला. "दाबून बघा. कडक लागतो ना? हा आतून धरलाय. याला आम्ही लॉक्स म्हणतो. लोक मुद्दाम करून घेतात, वर्ष-वर्ष वाट बघतात. वेंडेलने सुरुवातच इतकी नीट करून दिली होती की याचे आपले आपण झालेत. डोकं धुवायचं, मुळं सांभाळायची, बस. हे सोडायचे नसतात. जन्मभर राहतात."

आरशात जयचे डोळे वर आले. "म्हणजे सोडायची गरज नव्हती?"

"नव्हती, बाळा."

"डॅडने घातलेले तसेच राहिले असते?"

अर्लची बोटं डाव्या कानामागे त्या मोकळ्या केसांवर थांबली होती. "हे किती सोडले?"

"अकरा," मी म्हटलं. "मी सोडले."

जयने मला आरशातूनच बघितलं. मग उठला, अंगावरच्या कापडासकट दार ढकलून बाहेर गेला आणि बर्फात उभा राहिला. मी मागे धावायला निघाले तर अर्ल म्हणाला, "राहू द्या त्याला."

आणि मग माझा बांध फुटला. सगळ्या परक्या माणसांसमोर, त्या दुकानात, ओरडायलाच लागले. मला कुणी सांगितलं का? एकाने तरी सांगितलं का? डॉक्टर म्हणतो काप, भाऊ म्हणतो भादर, दुकानवाले कुलूप लावून बसलेत, आणि ज्याला सगळं येत होतं त्याने इतक्या वर्षांत मला एकदा, एकदा तरी बोलावलं का, की ये गं, बघ हे कसं करतात? मला काय हात नव्हते? आई नव्हते मी त्याची?

अर्लने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी विचारलं होतं त्याला एकदा, की आईला का नाही शिकवत. तो म्हणाला, उल्का आठवडाभर धावत असते. रविवारचे तेवढेच दोन तास ती निवांत बसते. तेवढं तिला राहू दे."

मी खाली बसले. तिथेच, वाट बघणाऱ्यांच्या बाकावर. गेले चार महिने मी रागावर काढले होते, आता राग ठेवायलाही जागा राहिली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने टिश्यूचा डबा पुढे केला. मी रडले. अंत्यविधीला रडले नव्हते तेवढी रडले.

जय आत आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं. खुर्चीत बसला. अर्लने कोमट पाण्याने तीनदा डोकं धुतलं, कारण माझं नारळाचं तेल निघता निघेना. "चांगलं तेल आहे," तो म्हणाला, "पण मिशिगनच्या जानेवारीत मेण चोपडल्यासारखं होतं, गोठून बसतं." मानेला मलम लावलं. अंग ओलसर असतानाच जयच्या हातांना, कोपरांना शिया बटर चोळलं, आणि चोळताना जयशी नाही, माझ्याशी बोलत होता, कुठे किती ते. मी मान हलवत होते. मग त्याने त्या अकरांपैकी पहिली बट उचलली.

"तुम्ही नका करू," जय म्हणाला.

अर्ल थांबला.

"तिने सोडलेत. तिनेच घालायचे."

हे काही प्रेमाने म्हटलेलं नव्हतं. शिक्षा होती ती, आणि मला ती मान्य होती. मी बाह्या सरसावल्या आणि उभी राहिले. पहिला पीळ घातला, हात काढला की सुटला. दुसऱ्यांदा घातला, सुटला. अर्ल माझ्या बोटांवर चापट मारायचा, "मुळाशी घट्ट, मग हळूहळू खाली." माझी चिडचिड व्हायला लागली, एवढी कॉम्प्युटरवर बोटं चालतात आणि दोन बटा वळता येत नाहीत! बाकावरची माणसं आता उघड-उघड बघत होती, एकाने तर शाबास म्हटलं. दीड तासात अकरा झाले. वाकडे, एक जाड एक बारीक. अर्ल म्हणाला, "धरतील." कौतुक वगैरे नाही.

मी हात पुसायला लागले तर त्याने वेंडेलच्या पिळांपैकी एक उचलून धरला. "आणि हे?"

"हे तर आहेतच."

"नीट बघा." त्याने मुळाशी दोन बोटं लावली. पीळ डोक्याला लागून सुरू होत नव्हता. दोन बोटं सोडून खाली सुरू होत होता. मधले केस मोकळे, कुरळे, नुसतेच वाढलेले. "इथून खाली वेंडेलचं. हे वरचं सप्टेंबरनंतरचं. याला अजून कुणाचाच हात लागलेला नाही. हे वळून त्याला जोडलं नाही तर वजनाने मुळाशी तुटत जातील सगळे."

चार महिने म्हणजे दोन बोटं. सकाळी मी विचारलं नव्हतं, हुकूम सोडला होता. आता म्हटलं, "जय, मी करू?"

त्याने आरशात माझ्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "एक करून बघ. दुखलं तर थांबायचं."

मी वेंडेलचा पीळ डाव्या हातात धरला, वरचे मोकळे केस उजव्या बोटांत घेतले आणि आताच शिकले तसे वळायला लागले. वळेचनात. जितकं वळावं तितकं खालचं सैल व्हायचं. मी वैतागून अर्लकडे बघितलं.

"उलटं वळताय तुम्ही," तो म्हणाला. "वेंडेल डावखुरा होता. त्याचा पीळ दुसरीकडे जातो."

माझे अकरा एका बाजूला वळलेले आणि त्याचे एकाहत्तर दुसऱ्या. मी थांबले, बोटांची पकड बदलली आणि त्याच्या बाजूने वळायला घेतलं. हात ऐकेना. मनगट अवघडलं, अंगठा घसरला, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा हळूहळू, एकेक वेढा, खाली सरकत गेले, आणि एका ठिकाणी माझं वळण त्याच्या वळणात बसलं. घट्ट बसलं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही," जय म्हणाला. "पुढचा घे."